एचआयव्हीचा ‘नवा’ प्रकार आणि बातमीतून सुटलेल्या ओळी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नेदरलँड्समध्ये सापडलेल्या एचआयव्हीच्या अधिक आक्रमक प्रकाराची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच होती. जी माणसे हा विषाणू अंगात घेऊन जगतात त्यांच्या उपयोगाचे जे होते, ते नेमके राहून गेले. ती ताजीही नव्हती. हे संशोधन फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. तेव्हाही असेच मथळे झाले होते, आणि अधूनमधून ते पुन्हा डोके वर काढतात.

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. रुग्णाच्या रक्तातल्या एचआयव्हीचा जनुकीय क्रम वाचायचा आणि त्यात औषधांना दाद न देणारे बदल आहेत का ते पाहायचे, हे नोकरीच्या उत्तरार्धात माझे मुख्य काम होते. बातमी आली त्याच दिवशी ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. त्या बरीच वर्षे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या घेतात आणि त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, कायम ‘अनडिटेक्टेबल’ (तपासणीत न दिसण्याइतके कमी) असतो. “ताई, माझ्या अंगातला तोच तर नसेल ना? टेस्ट करून घेऊ का?” असे त्या विचारत होत्या. पाठोपाठ दुसऱ्या एका गृहस्थांनीही तेच विचारले. ते तर डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून मागायच्या बेतात होते. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या कामाच्या आठवणींना लावा, औषधांविषयीच्या भागाला नको.

आधी बातमीतले राहिलेले सांगते. ‘बीहाइव्ह’ नावाच्या संशोधन प्रकल्पातल्या नमुन्यांत १७ जण असे आढळले की त्यांच्या रक्तात विषाणू नेहमीपेक्षा फार जास्त होता आणि त्यांचे विषाणू एकमेकांचे जवळचे नातलग होते. त्यांतले १५ नेदरलँड्समधले होते. मग त्या देशातल्या साडेसहा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी चाळल्यावर आणखी ९२ सापडले. असे एकूण १०९. या वंशाला ‘व्हीबी’ असे नाव मिळाले. उपचार सुरू होण्याआधी या लोकांचा व्हायरल लोड इतरांच्या साडेतीन ते साडेपाच पट होता आणि त्यांच्या सीडी४ पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारपेशी, साधारण दुप्पट वेगाने घटत होत्या. तिशीतल्या माणसाचे निदान झाले आणि औषध दिलेच नाही, तर सीडी४ (दर मायक्रोलिटर रक्तात) ३५० च्या खाली यायला एरवी सरासरी ३६ महिने लागतात. या प्रकारात ९ महिन्यांतच ती वेळ येते असा अंदाज निघाला. इथवर आपल्या बातमीत होते.

नव्हते ते हे: उपचार सुरू झाल्यावर या लोकांच्या सीडी४ पेशी इतरांसारख्याच सावरल्या, आणि मृत्यूचे प्रमाणही इतरांइतकेच राहिले. शिवाय हा वंश १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकात केव्हातरी तयार झाला, २००० नंतर वेगाने पसरला आणि २०१० च्या सुमारापासून ओसरू लागला. म्हणजे आपण ज्याला ‘नवा’ म्हणालात, त्याचा बहर २०२२ मधल्या पहिल्या बातमीच्या सुमारे बारा वर्षे आधीच ओसरू लागला होता.

तरीही या विषयाला नुसते ‘घाबरू नका’ म्हणून गुंडाळणे मला पटत नाही. विषाणूच्या जनुकीय वैविध्याचा आणि आजार किती वेगाने वाढतो याचा संबंध खरोखरच आहे. तो मथळ्यात मावण्याइतका सरळ नाही, एवढेच.

एचआयव्हीचा जनुकसंच म्हणजे सारी ९,७०० च्या आसपास रासायनिक अक्षरे आणि नऊ जनुके. तो आरएनएच्या रूपात असतो. पेशीत शिरल्यावर ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ नावाचे विकर (एन्झाइम) त्याची डीएनए प्रत काढते. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना चूक झाली तर ती ओळखून दुरुस्त करतात. या विकराकडे ती सोयच नाही. १९९५ मध्ये झालेल्या मोजमापानुसार ते एका फेरीत दर लाख अक्षरांमागे सुमारे तीन चुका करते. म्हणजे ढोबळ मानाने दर तीन नव्या प्रतींतल्या एकीत एक बदल. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणूकण तयार होतात, हे ॲलन पेरेलसन, डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गणिताने दाखवून दिले. एका पिढीला सरासरी २.६ दिवस लागतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ १४० पिढ्या. त्यांतले बहुतेक कण निकामी असतात, हे धरले तरी जनुकसंचातला जवळजवळ कोणताही एकेकटा बदल रोज कुठे ना कुठे घडून जातो. भरीला प्रत्येक कणात जनुकसंचाच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले की पुढच्या पिढीत त्यांची सरमिसळ होते. म्हणूनच जगभरातल्या फ्लूच्या विषाणूंमध्ये एका वर्षात जेवढा फरक दिसतो, साधारण तेवढाच एचआयव्ही असलेल्या एकट्या माणसाच्या शरीरात दिसतो, अशी तुलना शास्त्रज्ञ करतात.

हे वैविध्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या यंत्राच्या पडद्यावर चार अक्षरांना चार रंग असत आणि प्रत्येक जागी एका रंगाचे शिखर यायचे. काही नमुन्यांत मात्र एकाच जागी दोन रंगांची शिखरे यायची, एक उंच, एक बुटके. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना वाटायचे, रसायन बिघडले किंवा नळीत दोन नमुने मिसळले. तसे कधीमधी होतेही, त्यामुळे पडताळणी करावीच लागे. पण बहुतेकदा काहीच बिघडलेले नसे. त्या माणसाच्या रक्तात त्या जागी दोन्ही अक्षरांचे विषाणू एकत्र नांदत असत. ‘ए’ आणि ‘जी’ दोन्ही दिसले तर अहवालात ‘आर’ लिहायचे, ‘सी’ आणि ‘टी’ दिसले तर ‘वाय’. एखाद्याच्या क्रमात अशी दुहेरी जागा शोधूनही मिळत नसे, तर दुसऱ्याचा क्रम ‘आर’ आणि ‘वाय’ने भरून गेलेला असे. स्वित्झर्लंडमधल्या रुग्णांवरच्या २०११ मधल्या अभ्यासाने त्याचा अर्थ लावला. अशा दुहेरी जागा अर्ध्या टक्क्याहून जास्त असतील तर लागण बहुधा एक वर्षाहून जुनी आहे. काळ जाईल तशी विषाणूंची प्रजा पांगत जाते आणि पडद्यावरची शिखरे दुभंगतात. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. क्रम वाचण्याच्या या जुन्या सँगर पद्धतीला एकूण प्रजेत पंधरा-वीस टक्क्यांहून कमी असलेली तऱ्हा सहसा दिसतच नाही. नवी यंत्रे त्याहून खूप खोल पाहतात.

गंमत अशी की सुरुवात बहुतेकदा एकाच विषाणूपासून होते. ज्याच्याकडून लागण होते त्याच्या शरीरात असंख्य तऱ्हा असतात, पण पलीकडे रुजते ती बहुधा एकच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच लागण झालेल्या १०२ जणांचे विषाणू तपासले, तर ७८ जणांत सगळी प्रजा एकाच मूळ विषाणूची निघाली. उरलेल्यांत दोन किंवा अधिक मूळ विषाणू होते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. केनियातल्या मोंबासामधल्या स्त्रियांच्या २००३ मधल्या अभ्यासात, सुरुवातीलाच एकाहून अधिक तऱ्हा शरीरात आलेल्यांचा आजार लवकर बळावला. लसीच्या चाचण्यांत सहभागी असताना लागण झालेल्या लोकांचा २०१५ मध्ये अभ्यास झाला, त्यातही अनेक मूळ विषाणू असलेल्यांचा व्हायरल लोड जास्त आढळला.

इथवर वाचून कोणीही म्हणेल की जेवढे वैविध्य जास्त, तेवढा आजार जास्त. १९९१ मध्ये मार्टिन नोवाक, रॉबर्ट मे आणि इतरांनी जवळपास हेच मांडले होते. विषाणूच्या तऱ्हा वाढता वाढता एका मर्यादेपलीकडे गेल्या की प्रतिकारशक्तीला प्रत्येकीला पुरे पडता येत नाही आणि एड्सची अवस्था येते, असा त्यांचा सिद्धान्त. फार देखणी कल्पना. अजूनही पाठ्यपुस्तकी उत्तरांत ती डोकावते. पण १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्येच सहा जणांच्या विषाणूंचा अभ्यास आला. त्यात ज्यांचा आजार सर्वांत झपाट्याने वाढला त्यांच्याच विषाणूंत बदल सर्वांत कमी होते, आणि जे बराच काळ टिकून राहिले त्यांच्या विषाणूंत वैविध्य भरपूर होते.

हे उलटे का? विषाणू आपणहून हौसेने रूप बदलत नाही. चुका सतत होत असतात, पण त्यांतली कुठली टिकायची हे समोरचा दबाव ठरवतो. प्रतिकारशक्ती जोमदार असेल तर ती ओळखीच्या तऱ्हेला मारते, अनोळखी तऱ्हा उरते आणि वाढते, मग तिचीही ओळख पटते, आणि हा खेळ वर्षानुवर्षे चालतो. वैविध्य हा त्या झुंजीचा माग असतो. ज्याची प्रतिकारशक्ती सुरुवातीलाच खचली, त्याच्या शरीरात विषाणूला बदलायचे कारणच उरत नाही. १९९९ मध्ये नऊ पुरुषांचा लागण झाल्यापासून सहा ते बारा वर्षे माग काढलेला अभ्यास आला, त्यात हे टप्पे स्पष्ट दिसले. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या जनुकातले वैविध्य आधी दरवर्षी सुमारे एक टक्क्याने वाढते, मग स्थिरावते, आणि आजार पुढे गेल्यावर उलट कमी होऊ लागते. तेव्हा नुसता वैविध्याचा आकडा हातात घेऊन या माणसाचे पुढे काय होणार हे कोणी सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. कमी वैविध्याचे तीन अर्थ निघू शकतात: लागण ताजी आहे, प्रतिकारशक्ती ढासळली आहे, किंवा औषध लागू पडले आहे.

आता उपप्रकारांकडे. जगातली बहुतेक साथ एचआयव्ही-१ च्या ‘एम’ गटाची आहे. तो चिंपांझींकडून माणसात आला आणि १९२० च्या सुमारास काँगोतल्या आजच्या किन्शासा शहरात पसरू लागला. त्याचे ए, बी, सी, डी असे उपप्रकार आहेत. ‘एल’ हा सर्वांत अलीकडे, २०१९ मध्ये, यादीत आला. त्यातला एक नमुना तर १९८३ मधला होता! जगातल्या जवळपास निम्म्या लागणी एकट्या ‘सी’च्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत आणि भारतात तोच मुख्य. युरोप-अमेरिकेतल्या संशोधनात मात्र ‘बी’चाच बोलबाला, कारण तिथे तो जास्त. त्यामुळे युरोपातल्या ‘बी’ची आफ्रिकेतल्या ‘सी’शी तुलना करणाऱ्या लेखांकडे मी नेहमी संशयाने पाहत आले. माणसे वेगळी, क्षयरोगाचे प्रमाण वेगळे, दवाखाना किती लांब हे वेगळे. मग दोष विषाणूचा की परिस्थितीचा, हे कसे ठरवणार? युगांडातले अभ्यास म्हणूनच मोलाचे. तिथे ‘ए’ आणि ‘डी’ एकाच वस्तीत शेजारी शेजारी आढळतात, आणि ‘डी’ असलेल्यांचा आजार उपचाराविना अधिक वेगाने वाढला. त्याचे एक संभाव्य कारणही माहीत आहे. पेशीत शिरताना विषाणू सीडी४ बरोबर पेशीवरच्या आणखी एका प्रथिनाच्या कडीला धरतो. ती सुरुवातीला सहसा सीसीआर५ असते. पुढे काही जणांत तो सीएक्ससीआर४ धरू लागतो आणि मग सीडी४ वेगाने घसरतात. ‘डी’मध्ये हा पालट जास्त वेळा होतो. सेनेगलमध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर ‘ए’खेरीज इतर उपप्रकार असलेल्या स्त्रियांना एड्स होण्याची शक्यता ‘ए’वाल्यांच्या आठपट निघाली.

विषाणू अशक्त असेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. ऑस्ट्रेलियात १९८१ ते १९८४ या काळात एका रक्तदात्याकडून आठ जणांना लागण झाली. तेव्हा रक्तातला एचआयव्ही तपासण्याची सोयच नव्हती. एरवी अशा बऱ्याच लोकांना साधारण दशकभरात एड्स व्हायचा. यांच्यापैकी बहुतेकांच्या सीडी४ मात्र वर्षानुवर्षे औषधाविना जागच्या जागी राहिल्या. १९९५ मध्ये कारण सापडले: या सगळ्यांच्या विषाणूत ‘नेफ’ नावाच्या जनुकाचा तुकडाच गळालेला होता. सगळ्यांच्या अंगात एकाच मुळातून आलेला, एकच व्यंग असलेला विषाणू. आजाराचा वेग विषाणूच्या जनुकांवर अवलंबून असतो याचा याहून स्वच्छ पुरावा मागून मिळाला नसता. पण १९९९ पर्यंत दात्याच्या आणि आणखी काहींच्या सीडी४ हळूहळू घटू लागल्याच. पांगळा विषाणूही निरुपद्रवी नव्हता.

आणि सगळे विषाणूवरच नाही. ज्यांच्यात एचएलए-बी५७ हा, प्रतिकारशक्तीला विषाणू ओळखायला मदत करणाऱ्या जनुकाचा, प्रकार असतो त्यांच्या प्रतिकारपेशी विषाणूच्या अशा जागी बोट ठेवतात की तिथे बदल करून निसटायचे, तर विषाणूला स्वतःची वाढ मंदावून घ्यावी लागते. असा निसटलेला विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला की काही काळाने मूळ रूपावर परततो, इतका तो बदल त्याला महाग पडतो. लागण झाल्यावर काही महिन्यांनी व्हायरल लोड ज्या पातळीवर स्थिरावतो, ती पातळी माणसामाणसांत हजारपटीने वेगळी असू शकते. त्या फरकातला सुमारे एक तृतीयांश वाटा विषाणूच्या जनुकांचा, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. उरलेला वाटा माणसाच्या जनुकांचा, वयाचा आणि इतर गोष्टींचा. विषाणुशास्त्रज्ञ जॉन कॉफिन यांनी आगगाडीचे उदाहरण दिले होते: गाडी अपघाताच्या जागेकडे निघाली आहे, व्हायरल लोड हा तिचा वेग आणि सीडी४ म्हणजे मधले उरलेले अंतर. ‘व्हीबी’ने काय केले, तर वेग वाढवला. पण हे सारे ब्रेक लागलेला नसताना, म्हणजे औषध सुरू नसताना.

आता ब्रेकविषयी, म्हणजे ज्या भागाला कात्री लावू नका म्हटले तो.

१९८७ मध्ये एझेडटी हे पहिले औषध मान्य झाले, आणि १९८९ मध्ये त्याला न जुमानणारे विषाणू सापडल्याचे प्रसिद्धही झाले. कारण वर सांगितलेले गणित. एकाच औषधाला चकवायला जर एकच बदल पुरत असेल, तर तो बदल केलेला विषाणू औषध सुरू होण्याआधीच शरीरात कुठेतरी असतो. लॅमिव्ह्युडीन हे औषध एकटेच दिले तर काही आठवड्यांत एम१८४व्ही हा बदल वर यायचा. नेव्हिरापीनचीही तीच गत. पण तीन औषधे एकदम दिली, तर तिन्हींना चकवणारे बदल एकाच कणात एकाच वेळी जुळून यावे लागतात, आणि हजार कोटींच्या प्रजेलाही ते जवळजवळ अशक्य होते. १९९६ पासून मृत्यूंचा आलेख खाली आला तो या गणितामुळे. आज बहुतेक देशांत पहिल्या उपचारात डोल्युटेग्रॅव्हिर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यालाच पहिली पसंती दिली. त्याला चकवणे विषाणूला पूर्वीच्या गोळ्यांच्या मानाने फार कठीण जाते, मग उपप्रकार कोणताही असो.

औषधे नियमित चालू असली की विषाणूच्या नव्या प्रती निघणे जवळजवळ थांबते. प्रत नाही, तर चूक नाही. चूक नाही, तर नवी तऱ्हा नाही. विषाणू संपत मात्र नाही. निद्रिस्त सीडी४ पेशींच्या डीएनएत तो दडून राहतो हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात. नुसत्या गोळ्यांनी तो पूर्ण झिजवायचा तर सत्तरहून अधिक वर्षे हवीत, असा हिशेब आहे. या साठ्यात जुन्या अनेक तऱ्हांच्या प्रती जपलेल्या असतात. कधीकाळी गोळ्या अर्धवट घेतल्यामुळे के१०३एन हा बदल आला असेल, तर तोही त्यात असू शकतो, आणि पुन्हा एफाव्हिरेन्झ किंवा नेव्हिरापीन दिले की वर येतो. म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, दवाखाना बदलला तर आधी कोणती औषधे घेतली होती त्याची यादी जवळ ठेवा. जनुकीय वैविध्याचा सामान्य रुग्णाच्या आयुष्याशी खरा संबंध इथे येतो. नेदरलँड्समधल्या वंशापेक्षा स्वतःच्याच अंगातला, अर्धवट औषधाने शिकून तयार झालेला विषाणू त्याला जास्त त्रास देऊ शकतो.

त्या बाईंना हवी होती त्या टेस्टविषयी. नेहमीची जनुकीय तपासणी रक्तरसातल्या विषाणूवर होते, आणि ती नीट यायला साधारण मिलिलिटरमागे ५०० ते १,००० प्रती लागतात. व्हायरल लोड अनडिटेक्टेबल असेल तर नळीत वाचण्याजोगे काही नसतेच. पेशींतल्या डीएनएवरून वाचण्याची वेगळी पद्धत आहे. औषधे बदलायची असतील आणि जुने अहवाल नसतील तर डॉक्टर कधी ती सांगतात, पण मनातली भीती घालवण्यासाठी ती नाही. समजा, त्यांच्यात ‘व्हीबी’ निघाला असता, तरी उपचार तोच राहिला असता. ज्या गृहस्थांना गोळ्या बदलून हव्या होत्या, त्यांना मी जरा दटावलेच. व्यवस्थित लागू पडलेल्या गोळ्या एका मथळ्यापायी बदलायच्या म्हणजे नसते दुखणे अंगावर ओढवून घेणे.

आणखी एक राहिलेच. हे वैविध्य लोकांच्या बाजूनेही साक्ष देते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर-२’ या अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती. प्रत्येक जोडीत एकाला एचआयव्ही, पण उपचारामुळे व्हायरल लोड दबलेला. कंडोमविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध आल्याची नोंद झाली. अभ्यासाच्या काळात १५ जणांना लागण झाली. वरवर पाहणारा म्हणाला असता, ‘बघा, जोडीदाराकडूनच झाली.’ दोघांच्या विषाणूंचे क्रम शेजारी ठेवून पाहिले, तर १५ पैकी एकही जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही. सगळ्यांना लागण बाहेरून झाली होती. विषाणू माणसागणिक वेगळा असतो म्हणूनच हे सांगता आले. ज्याच्या रक्तात विषाणू दिसत नाही त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही, हे आज एवढ्या ठामपणे म्हणता येते त्यामागे हाही पुरावा आहे. ही बातमी पहिल्या पानावर कितीशा वर्तमानपत्रांनी छापली होती?

‘व्हीबी’च्या शोधातून शिकण्यासारखे आहे, पण ते वाचकाच्या आधी आरोग्ययंत्रणेने शिकायचे आहे. ९ आणि ३६ महिन्यांचा फरक फक्त निदान उशिरा झालेल्यांना भोवतो. एचआयव्हीचे निदान होताच, सीडी४ कितीही असोत, उपचार सुरू करावा, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. त्याच वर्षी आलेल्या ‘स्टार्ट’ चाचणीत लगेच औषध सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू यांचा धोका ५७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले होते. लवकर उपचार म्हणजे विषाणूला कमी पिढ्या, आणि म्हणून असे नवे वंश तयार व्हायलाही कमी वाव. ‘व्हीबी’ नेमका कुठल्या बदलामुळे इतका तापट झाला, ते संशोधकांना सांगता आले नाही, कारण त्याच्या जनुकसंचात बदल सर्वत्र विखुरलेले आहेत. त्यावर काम व्हायला हवे, आणि झाले की आपण त्याचीही बातमी जरूर द्यावी.

माझी विनंती एवढीच. पुढे अशी बातमी हाती आली, तर अभ्यासातली माणसे किती, ती उपचारावर होती की नव्हती, आणि उपचार लागू पडतो का, एवढे वार्ताहराला विचारून घ्यावे आणि त्याची उत्तरे पहिल्या दोन परिच्छेदांत द्यावीत. शेवटच्या परिच्छेदापर्यंत फार थोडे लोक पोचतात, आणि जागा कमी पडली की आपण कापता तोही तोच. गेल्या आठवड्यातल्या बातमीची राहिलेली बाजू शक्य झाल्यास त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव व पत्ता संपादकांकडे)